भासऱ्यांच्या कूलरची मोटर

नागपूरच्या माणसाला कूलर चालू करता येत नाही. हे मी रागाने म्हणते आणि खात्रीने म्हणते. पाऊस लागला की तो कूलर जिन्याखाली ढकलतो, वर फाटकी चादर टाकतो, चादरीवर रिकामी खोकी रचतो. होळी झाली, ऊन टोचायला लागलं की ओढून बाहेर काढतो. जाळीतली जुनी खस फेकतो, नवी लावतो, टाकी भरतो आणि बटण दाबतो. आधी पंख्याचं पातं बोटाने एकदा फिरवून बघावं, हे शिकलेल्याला सुचत नाही आणि न शिकलेल्यालाही सुचत नाही. आत बेअरिंग गंजून बसलेलं असतं. मोटर फिरत नाही, नुसती घुमत राहते. हा मात्र होईल सुरू म्हणून चहा प्यायला जातो. चहा होईपर्यंत आतली तार जळते. मग पिशवीत मोटर घेऊन माझ्या दुकानात येतो आणि मलाच सांगतो, मागच्या वर्षी तुम्हीच भरली होती.

मोटर भरायची म्हणजे जळकी तार कापून काढायची, लोखंडी खाचांमध्ये नवा कागद घालायचा, तांब्याच्या नव्या तारेची वेटोळी बसवायची, ती दोऱ्याने आवळून बांधायची, वरून वार्निश पाजायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. इतकी वर्षं मी हेच करते. माझा हात चांगला आहे. हे मीच सांगते, कारण ज्यांनी सांगायला हवं होतं ते कधी सांगणार नव्हते.

माझं माहेर उमरेडचं, विणकरांचं. लग्नाआधी मी घरच्या हातमागासाठी कांड्या भरायची आणि ताण्याचे तुटलेले धागे सांधायची. सांधायची गाठ आईने शिकवली. बारीक, चपटी, फणीच्या दातांतून न अडकता सरकेल अशी. जाड गाठ मारली की आई बोटांवर फणीच मारायची. माग बंद पडले, मी नागपुरात सून होऊन आले, आणि सासरी निघालं मोटरच्या वाइंडिंगचं, म्हणजे मोटर भरायचं दुकान. दुकान माझ्या भासऱ्यांचं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचं. नवरा त्यांच्या हाताखाली मोटरी खोलायचा, जोडायचा. त्यांचा वाइंडिंगवाला कारागीर बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरीला लागला तेव्हा काम अडलं. मी नवऱ्याला म्हटलं, दाखवा मला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दुकानातली झाडून सगळी वाइंडिंग माझ्या हातून होत होती, आणि दोऱ्याला गाठ आईने शिकवलेलीच.

पण मागच्या खोलीत, पडद्याआड. आमच्या घरी सून भासऱ्यांसमोर येत नाही. आलीच तर डोक्यावर पदर आणि तोंड बंद. त्यांना मला काही सांगायचं असेल तर ते नवऱ्याला सांगायचे, नाहीतर पडद्याकडे बघून भिंतीला ऐकवायचे. "घरात सांगा, चक्कीची मोटर आज पाह्यजे." मी भिंतीला ऐकू जाईल असं हूं म्हणायची. बाहेरच्या जगाला मोबाइलवर सगळं दिसतं आणि आमच्या घरात हे असं. गिऱ्हाइकाला वाटायचं, भासरेच वाइंडिंग करतात. ते तसं वाटू द्यायचे. कुणी कामाचं कौतुक केलं की म्हणायचे, "आपल्या हातची गोष्टच वेगळी असते." मी पडद्यामागे दात खात बसायची. मला त्या माणसाचा राग यायचा. आणि तरीही मी ते काम सोडलं नसतं. त्या घरात माझं म्हणता येईल असं तेवढंच होतं.

त्या वर्षी लग्नसराई आणि ऊन एकदमच आलं. मागच्या खोलीत कूलरच्या मोटरींचा ढीग लागला. त्यातच एका लाँड्रीतून मोठी मोटर आली. लग्नाचे हॉल आणि हॉटेलं यांच्या चादरी धुणारी लाँड्री होती, आणि धुतलेले कपडे गरगर फिरवून पिळणाऱ्या मशीनची ती मोटर होती. भासऱ्यांनी ती माझ्याकडे दिलीच नाही. कुठे दिली, मला माहीत नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, तुझ्यावर ताण नको म्हणून दादाने बाहेरून भरून आणली. मला तेव्हाच खटकलं. माझ्या ताणाची त्या माणसाला कधीपासून काळजी?

मोटर लाँड्रीत जाऊन बसली आणि हप्ताभरात जळाली. लाँड्रीच्या मालकीणबाई ती रिक्षात घालून दुकानात घेऊन आल्या. बाईंचा आवाज चौकापर्यंत जाणारा. ओल्या चादरींचे ढीग पडले आहेत, हॉलवाले फोन करकरून जीव खात आहेत, आणि तांब्याची तार सांगून हे काय केलं, असं त्या एका दमात बोलल्या. मी आत हातातली कॉइल धरून ऐकत होते.

भासऱ्यांनी बाईंना खुर्ची पुढे केली. मग आवाज मऊ करून म्हणाले, "काय सांगू ताई, चूक झाली. आमच्या घरची बाई करते वाइंडिंग. बाईचा हात, बिघडला. आता तिले नाही बसवत कामावर. बंदच करतो."

इतकी वर्षं काम चांगलं झालं की हात त्यांचा. आज मोटर जळाली आणि एकाएकी घरची बाई आठवली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. माझा नवरा तिथेच पाना घेऊन बसला होता. मी वाट पाहिली. तो बोलेल असं मला खरंच वाटलं होतं. त्याने पाना खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

मी पडदा सारून बाहेर आले. पदर डोक्यावर होता की नाही, आठवत नाही. जाऊबाई नंतर म्हणाल्या की नव्हता. खाली बसून मी मोटरचं झाकण काढलं. जळक्या वार्निशचा वास दुकानभर झाला. एका बाजूच्या कॉइलचा कोळसा झाला होता, दुसरी बाजू शाबूत होती. शाबूत बाजूचा बांधलेला दोरा मी बोटाने उचलला. बोराएवढ्या गाठी, एकावर एक मारलेल्या. मग ब्लेडने तारेवरचा लाल मुलामा खरवडला. खालून पांढरी तार निघाली. तांबं असतं तर लालच निघालं असतं. ॲल्युमिनियम होतं, वरून तांब्याच्या रंगाचं. त्या मशीनचा झटका ते कुठून सोसणार?

मी मान वर करून भासऱ्यांकडे पाहिलं. त्यांना हाक काय मारायची हेच मला ठाऊक नव्हतं. लग्नानंतर कधी मारलीच नव्हती. म्हणून हाक न मारताच बोलले.

"हे गाठ माह्या हातची नाही. हे मोटर मी पाह्यलीसुद्धा नाही. स्वस्त तार तुम्ही घालून आणली अन् नाव माहं घेऊन राहिले. काहून?"

एवढंच. आवाजही चढवला नाही. भासरे माझ्याकडे बघेनात. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुह्या बायकोले आत घेऊन जाय." खोटं पकडलं गेलं त्याचं काही नाही. मी त्यांच्याशी बोलले, हा त्यांच्या लेखी गुन्हा.

गोष्टीत असतं तसं मालकीणबाईंनी माझी पाठ थोपटली नाही. त्या वैतागून म्हणाल्या, "मले तुमच्या घरचा तमाशा नोको. मले चादरी पिळाच्या हायेत. तुम्ही भरून देता का, बाई?" मी म्हटलं, देते, पण इथे बसून, समोर. आणि पडद्याआडचं माझं स्टूल उचलून आणून गल्ल्याशेजारी ठेवलं. मोटर भरून होईस्तोवर भासरे दुकानाच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसून होते. येणारे-जाणारे त्यांना बघत होते आणि मला बघत होते. मी एकेक गाठ सावकाश मारली. सुख झालं मला, खोटं कशाला बोलू?

त्यानंतर त्या घरात राहणं शक्यच नव्हतं. जाऊबाईंनी बोलणं टाकलं. गल्लीतल्या बायका मला ऐकू जाईल अशा म्हणायच्या, भासऱ्याच्या तोंडी लागली वं. नवरा म्हणाला, घरात सांगितलं असतं तर चाललं असतं, गिऱ्हाइकासमोर काहून बोलली. मी म्हटलं, तुमच्या दादाने गिऱ्हाइकासमोरच माझा हात कापला, मी तो घरात येऊन जोडू का? मी वेगळी खोली घेतली, खाली दुकान थाटलं. नवरा आला मागोमाग. माझी बाजू पटली म्हणून आला की जेवणाची आबाळ व्हायला लागली म्हणून, ते मी अजून विचारलेलं नाही. लाँड्रीची मोटर तेव्हापासून माझ्याकडेच येते. मालकीणबाई अजूनही ओरडतच येतात.

भासऱ्यांचं दुकान पुढे बसलं. रिवाइंडिंग सोडून ते तयार स्वस्त मोटरी विकायला लागले, मग तेही बंद झालं. माझ्या शापाने नाही झालं. शाप देऊन कामं होत असती तर मला वाइंडिंग शिकावंच लागलं नसतं.

यंदाच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, जाऊबाई माझ्या दुकानात आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत कूलरच्या पंख्याची मोटर. इतक्या वर्षांनी दारात आल्या म्हणून मी पाणी दिलं. जिन्याखालून कूलर काढला, म्हणाल्या, यांनी बटण दाबलं, घुमत होता, होईल सुरू म्हणून तसाच ठेवला. उभा जन्म मोटरींत घालवलेला माणूस, आणि पातं फिरवून पाहिलं नाही. मी हसले. त्यांना लागलं असेल. लागू दे.

भासरे बाहेर ऑटोत बसले होते. मला ते दिसत होते, त्यांना मी दिसत होते. खाली उतरले नाहीत. जाऊबाई दोनदा बाहेर जाऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ते विचारून राहिले, संध्याकाळपर्यंत होईल काय म्हणून." पूर्वी पडद्याआड मी असायची, आता आडोशाला ते होते.

जाऊबाईंना वाटलं असणार की मी नाही म्हणेन, नाहीतर तार हलकी घालीन. माझ्या नवऱ्यालाही तेच वाटलं. तो म्हणाला, जाऊ दे नं, भाऊ आहे माझा. मी त्याला बेअरिंग नवीन टाकायला लावलं. कागद दुहेरी घातला, तार चोख तांब्याची घेतली, गाठी आईने मान हलवली असती अशा मारल्या. वार्निश वाळल्याशिवाय मोटर द्यायची नाही म्हणून त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं, आणि ती रात्र त्या घराने कूलरशिवाय उकाड्यात काढली. मोटर नेताना जाऊबाईंचे डोळे भरून आले. मन मोठं आहे वं तुझं, म्हणाल्या.

त्यांचा गैरसमज मी दूर केला नाही. ती मोटर आता जळायची नाही, निदान भासऱ्यांच्या हयातीत तरी नाही. हलकी तार घालून ती जळली असती तर त्यांना पुन्हा माझ्या दारात यावं लागलं असतं, आणि मला ते नको होतं.