शेवटच्या औषधापुढेही आर

रिपोर्टवर औषधांच्या नावांची रांग होती आणि प्रत्येकापुढे एकच अक्षर, आर. "आर म्हणजे जंतू या औषधाला दाद देत नाही," डॉक्टर म्हणाली. आईच्या लघवीतला जंतू रक्तात शिरला होता. यादीत सर्वांत खाली एक इंजेक्शन होतं, काहीच चालेनासं झालं की काढायचं म्हणून राखून ठेवलेलं. त्याच्यापुढेही आर.

"अहो, पण हे तिला आयुष्यात कधी दिलंच नाही ना!" मी ओरडलेच.

"दिलंच पाहिजे असं नाही. कोंबड्या जाड व्हाव्यात म्हणून त्यांनाही असली औषधं चारतात. तिथले औषधाला सरावलेले जंतू मांसातून, पाण्यातून माणसात येतात."

झालं! माझं डोकंच फिरलं. माणसांसाठी राखलेलं औषध कोंबड्यांना? डबा न्यायला बोरिवलीच्या हॉस्पिटलातून चारकोपला घरी आले ती तडक चिकनवाल्याकडे. काय चारता रे कोंबड्यांना, म्हणून भर दुकानात त्याला झापला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, मी फक्त कापतो. वाढवणारे वेगळे." मग केमिस्टकडे. चिठ्ठी न बघता गोळ्या देतोस, लाज नाही वाटत? "तुम्हीच तर फोन करून मागवता ना," म्हणाला. मेल्याला वर तोंड करून बोलायला काही वाटलं नाही!

खरं होतं पण. आमच्या बिल्डिंगमध्ये उरलेली गोळी कोणी टाकत नाही. कोणाच्या तापाची तीन, कोणाच्या दाताची चार, सगळ्या माझ्याकडे जमा. सगळे मला अर्धी डॉक्टर म्हणायचे आणि मी फुशारायचे. आईला लघवीला जळजळ झाली की मी त्यातल्याच दोन द्यायचे, बरं वाटलं की बंद. स्टॉक संपला की केमिस्टला फोन. एवढ्याशाला डॉक्टर कशाला? वर्षानुवर्षं हेच केलं मी.

संध्याकाळी डॉक्टर आली. "आजींनी आधी कुठल्या गोळ्या घेतल्यात? नीट सांगा. दोन औषधं जोडून काही जमतंय का बघायचंय."

गोळ्यांची नावं मी धडाधड सांगितली. ऐकता ऐकता तिचा चेहरा लाल झाला. "इतक्या? आणि अर्धवट? कोणी दिल्या ह्या?"

दिवसभर गावाला शहाणपण शिकवत फिरले होते मी! तेवढ्यात आईने सलाइनचा हात जरासा उचलला.

"मीच घ्यायचे. हिला काय ठाऊक?"

"आजी, इतकं कसं कळत नाही तुम्हाला? स्वतःच्या हाताने जिवाशी खेळ केलात!" डॉक्टर बोलत राहिली. आई मान खाली घालून ऐकत होती आणि मी, निर्लज्ज, तिच्या उशीचा अभ्रा नीट करत होते.

पाचव्या दिवशी आई गेली. माझ्या वाट्याची बोलणी खाऊन गेली.