बहुधा डॉक्टर

परतवाड्याच्या जीप स्टँडवर त्यांना सगळे ‘बहुधा डॉक्टर’ म्हणत. ‘नक्की’ हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. सालोसाल पिकं बुडत होती, तेव्हा माझ्या जीपमधून बियाण्यांचे एजंट फिरत आणि छातीवर हात ठेवून हमी देत. हा एकच माणूस, हमी मागितली की खिडकीबाहेर पाही.

ते अमरावतीहून येत. तान्ह्या मुलांना लसीबरोबर मलेरिया टाळायचा डोस दिला, तर मेळघाटच्या पायथ्याच्या गावांत ताप किती कमी होईल, याचा आधीच अंदाज काढणं हे त्यांचं काम. बायांना ते तारखा विचारत नसत. “पोळ्याच्या आधीचा ताप, की नंतरचा?” म्हणत. बायाही मग मोकळ्या होत.

माझी लेक त्यातल्याच एका गावात दिलेली, पोरगं अंगावर पिणारं. डोस येणार आणि पहिला माझ्या नातवाला मिळणार, हे धरूनच मी त्यांना गावोगाव फिरवत होतो.

एकदा परतताना त्यांनी सांगितलं, की इकडे ताप मोठ्यांत जास्त, तान्ह्यांत कमी. डोसाने बहुधा थोडाच फरक पडेल. त्यापेक्षा मच्छरदाण्या द्या आणि तापाच्या पहिल्याच दिवशी रक्त तपासा, असं ते अहवालात लिहिणार होते. मी जीप बाजूला घेतली.

“थोडाच म्हंजे? अर्ध्या लेकरायचा तरी ताप वाचवा, मंग सोडतो तुमाले.”

“भाऊ, हा कापसाचा भाव नाही, वाढवून मागायला.”

“मंग माह्या नातवाचं काय?”

“त्याचं नाही सांगता येत. मी गावाचं सांगतो.”

श्रावणात नातवाला ताप भरला. लेकीने डॉक्टरांचं ऐकून त्याच दिवशी रक्त तपासून घेतलं, म्हणून पोरगं हाती लागलं, हे मी नाकारत नाही. पण त्याला आलेले झटके मी पाहिले होते. कळताच डॉक्टर एस.टी.ने आले, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवरच मी त्यांना अडवलं. डोस दिला असता तर हे झालं नसतं, म्हणालो. ते आकडे सांगू लागले की काय काय ऐकवायचं, ते माझं ठरलेलं होतं.

“खरं आहे भाऊ. याला कदाचित ताप आलाच नसता.”

“मंग बदलवा ना अहवाल.”

“नाही बदलणार,” ते म्हणाले आणि आत जाऊन पोराजवळ बसले.

पुढे त्यांची बदली झाली. नातू आता माझ्याहून उंच आहे. लेक म्हणते, बाबा, सोडा आता तो राग. भल्याभल्यांना मी बोलून वाकवलं आहे. या माणसाने माझं म्हणणं सगळं मान्य केलं आणि तरी तसूभर हलला नाही. त्यावर काय बोलायचं असतं, ते मला अजून सुचलेलं नाही.