श्रावणातली सुरमई

"सुरमईची थाळी तुमचीच ना? मग खा तुम्ही. माझ्यासमोर खाऊन दाखवा!"

शैलाकाकूंच्या दारात उभा असलेला माणूस प्लॅस्टिकचा डबा त्यांच्या तोंडासमोर नाचवत होता. गिरगावात ठाकूरद्वारच्या एका वाडीतली चाळ, दुसरा मजला. गॅलरीतली सगळी दारं उघडली होती. मी आत खाटेवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. मी फ्रीलान्स वेब डेव्हलपर आहे, म्हणजे कुणाच्या नोकरीत नसतो, लोकांना वेबसाइट बनवून देतो आणि पुढे त्या सांभाळत बसतो. काकूंची साइट माझीच. त्या दिवशी श्रावणाचा शाकाहारी मेन्यू चढवायला आलो होतो.

त्या माणसाचा मुलगा परळच्या एका हॉस्पिटलात सलाइनवर होता. आदल्या दिवशी त्यांनी दादरच्या घरी ॲपवरून थाळी मागवली, आणि रात्रीपासून पोराला उलट्या. डब्याच्या स्टिकरवर काकूंचा हसरा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'शैलाकाकूंचं मालवणी जेवण'. ते नाव नेटवर शोधल्यावर त्याला आमची साइट सापडली होती आणि साइटवर घरचा पत्ता.

"दादा, श्रावण चालू आहे," काकू म्हणाल्या. "महिनाभर माझ्या घरात मासळी येत नाही. कुणालाही विचारा."

"खरं बोलतायत त्या," शेजारच्या वहिनी म्हणाल्या. "आणि काकू ॲपवर नाहीतच. फोनवर ऑर्डर घेतात."

"मग हा फोटो कोणाचा आहे? माझ्या आईचा?"

त्याने मोबाइल काढून काकूंचा, दाराचा आणि आतल्या गॅसचा व्हिडिओ काढला आणि तो तरातरा जिना उतरून गेला. काकू उंबऱ्यातच बसल्या. चिडल्या किंवा घाबरल्या की त्या मालवणीवर येतात. "माझ्या हातचा खावन आजपर्यंत कोणाचा पोर आजारी पडूक नाय रे," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मला त्या माणसाचाही राग येईना. पोर सलाइनवर असताना मीही तेच केलं असतं.

नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा काकूंनी घरून जेवण द्यायला सुरुवात केली. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन लांब गेली, जेवण चालू राहिलं. कोंबडीवडे, तिसऱ्या, सोलकढी. त्यावरच घर चालायचं. पण नुसतं घर चालण्याची गोष्ट नव्हती. गिरगावात कुणाकडे बारसं असो, पाहुणे असोत, 'शैलाकाकूंना सांगा' एवढं म्हटलं की काम भागायचं. ते नावच त्यांची सगळी कमाई होती, आणि ते आता दुसऱ्याच्या डब्यावर चिकटून फिरत होतं.

मी ॲप उघडलं. थाळीचे फोटो मीच काढलेले होते, याच खिडकीत, याच ताटात. एका फोटोत कोपऱ्यात माझी चप्पल दिसते, तीसुद्धा चोरणाऱ्यांनी कापली नव्हती. वेबसाइटवरची कुठलीही गोष्ट कुणीही उचलून नेऊ शकतो, तिला कुलूप नसतं. हे लोकांना सांगितलं की ते माझ्याकडेच संशयाने बघतात.

ॲपवरचा पत्ता डिलाईल रोडचा होता. दुसऱ्या दिवशी गेलो. एका जुन्या गाळ्यात क्लाउड किचन होतं. नाव भारी आहे, अर्थ एवढाच की बसून जेवायची सोय नाही, एकाच स्वयंपाकघरातून वेगवेगळ्या नावांचे डबे बाहेर पडतात. तिथे एकाच कढईतली ग्रेव्ही पंजाबी ढाब्याच्या नावानेही जात होती आणि हैदराबादी खानसाम्याच्याही. बाहेर ओळीने चकचकीत पाट्या. तिसरी पाटी शैलाकाकूंची.

मॅनेजर शांत होता. मला त्याने चहा मागवला.

"साहेब, शैला नावाच्या काकू मुंबईत किती असतील? आम्ही नाव रजिस्टर केलंय. फूड लायसन्स त्याच नावावर आहे. तुमच्याकडे काय आहे?"

"फोटोतली बाई आमच्याकडे आहे."

"फोटो बदलतो ना. मुलांनी नेटवरून उचलला असेल. सॉरी."

फोटो खरंच बदलला. नाव राहिलं.

मग मी ॲपवाल्यांकडे तक्रार केली. इथे एक जाहीर सांगून ठेवतो. ज्या कंपनीच्या साइटवर फोन नंबर सापडत नाही, तिला तुमचं ऐकायचंच नसतं. तो नंबर लपवायचे पैसे आमच्यासारख्यांनाच मिळतात, म्हणून मला ठाऊक. आधी चॅटबॉट येतो, म्हणजे माणसासारखं बोलणारा प्रोग्रॅम. मी लिहिलं, नाव चोरलंय. त्याने विचारलं, तुमच्या ऑर्डरमध्ये कोणता पदार्थ कमी आला? बरीच डोकेफोड केल्यावर एक टिकेट मिळालं. टिकेट म्हणजे तक्रारीचा नंबर. तो मिळाला की आपल्याला वाटतं काम सुरू झालं, आणि कंपनीला वाटतं काम संपलं. शेवटी एकदाचा माणसाचा फोन आला. बोलणारी मुलगी सभ्य होती, मराठी होती.

"सर, हा व्यवसाय त्यांचाच आहे याचा पुरावा?"

"अख्खं गिरगाव सांगेल."

"डॉक्युमेंट सर."

"त्यांचं फूड लायसन्स आहे."

"ते त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे सर. किचनच्या नावावर नाही."

"अहो, ती सुरमई श्रावणात विकली गेली. या बाई श्रावणात मासळी शिजवत नाहीत. आणखी काय पाहिजे?"

तिचा आवाज जरा मऊ झाला. तिच्या घरीही श्रावण पाळत असतील. "मला समजतंय सर. पण हे मी कुठल्या कॉलममध्ये भरू? दुकानाच्या पाटीचा फोटो आहे का? जुना, तारखेसकट?"

"पाटी नाही."

"हो सर. तुमच्याच वेबसाइटवर तसं लिहिलंय. समोरच्या पार्टीने तेच जोडलंय."

तिने ते वाचून दाखवलं. 'आमच्या दाराला पाटी नाही. वाडीत शिरा आणि कुणालाही विचारा.' वाक्य माझं होतं. काकूंना ते इतकं आवडलं होतं की त्यांनी ते मोठ्या अक्षरात घ्यायला लावलं होतं.

तरी मी हात टेकले नाहीत. पाटी करून घेतली, पिवळ्यावर लाल अक्षरं. शेजारच्या दादांनी ती दारावर ठोकून दिली. काकू लांब उभ्या राहून बघत होत्या. "एवढी वर्षं दार उघडं असलं की पुरायचं," त्या म्हणाल्या. आम्ही पाटीचा फोटो पाठवला, आणि काकूंची नोंदणी ॲपवर व्हावी म्हणून अर्ज केला. उत्तर मशीनचंच आलं: या नावाचा व्यवसाय जवळच्या परिसरात आधीच नोंदलेला आहे. कृपया दुसरं नाव निवडा.

"दुसरं नाव म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे शैलाकाकू सोडून काहीतरी."

त्या हसल्या. ते हसू मला अजून आठवतं, आणि आठवलं की राग येतो. वकिलाचं नाव काढलं तर म्हणाल्या, "त्या किचनवाल्यांच्या मागे कोर्टात फिरू की पोळ्या लाटू?"

मुलगा बरा होऊन घरी गेला. त्याच्या बापाने काढलेला व्हिडिओ मात्र एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये फिरत राहिला. गिरगावातली जुनी माणसं हलली नाहीत, पण जुनी माणसं उरलीत किती? निम्मी टॉवरसाठी घरं सोडून लांब राहायला गेली आहेत. नव्या लोकांनी व्हिडिओ पाहिला होता. गणपतीत काकूंचा फोन उचलायला पूर्वी शेजारीण लागायची. त्या वर्षी तो वाजलाच नाही.

दिवाळीनंतर काकूंचा मला फोन आला. "साइट बंद कर, बाळा."

"काकू, थोडं थांबूया."

"डिलाईल रोडचे लोक आले होते. त्यांना मालवणी करणारं कुणी मिळत नाही. मी उद्यापासून जाते."

माझा आवाज चढला. "त्यांच्याकडे? ज्यांनी तुमचं नाव चोरलं त्यांच्याकडे नोकरी?"

"ओरडू नको. नाव तर गेलंच आहे. त्या नावाने कुणाच्या पोराला नासकं जाण्यापेक्षा माझ्या हातचं गेलेलं बरं."

मी साइट बंद केली. एका क्लिकचं काम, पण ते करायला मी बराच वेळ घेतला.

पुढच्या श्रावणात त्या बाजूला काम होतं म्हणून गाळ्यात डोकावलो. काकू डोक्यावर पातळ कागदी टोपी घालून तव्यावर सुरमई परतत होत्या. बाहेर पाटी तीच. ॲपवर त्या किचनचे स्टार चांगलेच वाढले होते. एकाने लिहिलं होतं, 'अगदी खरी शैलाकाकूंची चव.'

"काकू, श्रावण आहे ना?" मी विचारलं.

"आहे ना. मी खात नाही. शिजवते फक्त."

"मग मीठ कसं कळतं?"

"अंदाजाने घालते," त्या म्हणाल्या आणि तुकडा उलटला. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

नव्या क्लायंटला हल्ली मी रंग, लोगो, फोटो काहीही विचारायच्या आधी एकच विचारतो, दारावर पाटी आहे का? लोक अभिमानाने सांगतात, आम्हाला पाटीची गरज नाही, इथे सगळे ओळखतात. मी म्हणतो, आधी पाटी लावा, मग मला फोन करा.