दाजींच्या विहिरीतल्या चुन्याच्या रेघा

ऊन कुठल्या पक्षाचं आहे हे नुसतं अंगावर घेऊन ओळखणारा जगात एकच माणूस, आणि तो माझ्या आक्काचा नवरा. आमचे दाजी रामनगरच्या बाजारात चहा पिताना हवामान सांगतात ते आभाळाकडे नव्हे, वर्तमानपत्राकडे बघून. दुसरा पक्ष सत्तेवर असला की उष्मा सरकारच्या पापानं वाढतो. त्यांचा स्वतःचा आला की तोच उष्मा आंब्याला मानवतो. एका वर्षी रोहिणीवर पेरलेलं भात पावसाची वाट बघत मातीतच करपलं, तरी दाजी घाम पुसत म्हणाले, "हवा बदललिया म्हनं! समदं त्येंच्या पार्टीचं नाटक हाय." आक्कानं पंखा बंद केला. "मग नाटकाला वारा कशाला पायजे?" म्हणाली.

गेल्या वर्षी ग्रामसभेत ओढ्यावर वाळूच्या पोत्यांचा बंधारा घालायचा ठराव आला. बंधाऱ्याच्या जागेखाली पहिली विहीर दाजींची, आणि तिच्या पाण्यावर त्यांच्या वडिलांनी लावलेल्या पोफळी. पण ठराव मांडणारा निघाला दुसऱ्या पक्षाचा, त्यात तो भाषणात 'हवामान बदल' म्हणाला. झालं! दाजी ताडकन उठले आणि असे कडाडले की ठराव तिथंच बारगळला. आक्का दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

यंदा वैशाखात आक्काची बादली विहिरीत पडली म्हणून मी गावातल्याच वरच्या आळीतून गळ घेऊन गेलो. वाकून बघतो तर आतल्या दगडांवर चुन्याच्या आडव्या रेघा, एकीखाली एक, पार तळापर्यंत. बादली गाळात रुतून बसली होती. दाजी काठावर तंबाखूची डबी घेऊन बसले होते. मी रेघांचं विचारलं, तेव्हा कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "दर अक्षय तृतीयेला उतरतो. पानी जितं आसंल तितं वढतो. औंदा वढाय जागाच न्हाई."

त्यांची थट्टा करायची अशी संधी पुन्हा मिळाली नसती. पण वर पोफळींच्या झावळ्या पिवळ्या पडल्या होत्या, आणि दाजी त्यांच्याकडे न बघता बसले होते. मला फार वाईट वाटलं.

"पावणं," ते म्हणाले, "बंधाऱ्याचा त्यो ठराव औंदा तुमी मांडा. तुमचा कुठला पक्ष न्हाई."

"आणि तुम्ही?"

दाजींनी डबीचं झाकण लावलं. "इरोध तर करावाच लागंल," ते म्हणाले. "पन औंदा बसूनच करीन."