वेडी बाभूळ, मुळासकट

आमच्या माळावरची वेडी बाभूळ पहिल्यांदा मीच तोडली, आणि तीही गुडघ्याच्या उंचीवर. त्यात शास्त्र काही नव्हतं. तंजावरच्या ऑफिसात खुर्ची उबवून माझी कंबर त्याखाली वाकतच नव्हती. घरी येऊन बायकोला ऐटीत सांगितलं, रान मोकळं झालं. पाऊस पडला आणि एकेका खुंटाला दहा-दहा फांद्या फुटल्या, काट्यांसकट. गावात शेळ्या चारणाऱ्या दोघी हसून बेजार. "वीतभर खणून मूळ तोडलं तरच मरते ती," त्यांनी शिकवलं.

ओरत्तनाडूजवळच्या त्या तुकड्यावर कालव्याचं पाणी चढत नाही. पूर्वी तिथे गवत होतं, बायकोच्या दोन गाई चरायच्या. बाभळीनं गवत खाल्लं, एक गाय विकावी लागली. दुसरी राहणार की जाणार, ते आता माळावर अवलंबून होतं.

तेवढ्यात देशात नवा जमाना आला. जवळच लाकूड जाळून वीज करणारा कारखाना निघाला आणि एक कंत्राटदार लॉरी घेऊन दारात हजर.

"सार, तोड माझी, लाकूड माझं. तुम्ही बोटही हलवू नका."

"आणि मुळं?"

"मुळं कशाला? गुडघ्याएवढा खुंट ठेवतो. तीन वर्षांनी फुटवा पुन्हा तोडीला येतो."

माझीच पद्धत! मी आळसानं काढलेली, हा अकलेनं वापरत होता.

"मूळ खणायचं. नाहीतर लॉरी वळवा."

"मुळाला माती असते सार, बॉयलरवाला घेत नाही. सगळं गाव देतंय. तुम्हीच काय ते वेगळे?"

"वेगळे तर वेगळे. बॉयलरला जेवू घालायला माळ नाही ठेवला मी."

"मग गाईला काटे घाला," म्हणून तो गेला.

रविवारी शेळ्या चारणाऱ्या त्या दोघी पहारी घेऊन आल्या. लाकूड त्यांचं, असं ठरलं होतं. एक खणायची, दुसरी बुंधा ओढून धरायची, मी कोयत्यानं मूळ तोडायचो. दिवसभरात अकरा खुंट निघाले. माळावर शेकडो होते.

दुपारी कंत्राटदार बांधावर येऊन म्हणाला, "अजून विचार करा सार." मी हात जोडले. "नको हो. आपल्याला उगाच त्रास झाला, क्षमा असावी." बायको तेव्हाच जेवणाचा डबा घेऊन पोचली होती.

घरी तिनं माझ्या तळव्यातला काटा काढला, मग म्हणाली, "तो परतून आला तर मला बोलवा. तुम्ही नको म्हणतानाही माफी मागता."