खोट्या लग्नाच्या गोष्टी

डोंगरकडा गावच्या सरकारी दवाखान्यात मी रक्त तपासते. सकाळी नऊपासून लोक रांगेत उभे राहतात, बोटाला सुई टोचून घेतात, काचपट्टीवर थेंब देतात आणि निघून जातात. दीड वाजला की ओपीडी रिकामी होते. रिपोर्ट लिहून मी खोलीवर येते, सकाळची भाजी-पोळी खाते, आणि मग संध्याकाळपर्यंतचा वेळ तसाच समोर पडलेला असतो.

तीन वर्षांपूर्वी मी इथं रुजू झाले तेव्हा एकतीस वर्षांची होते. गळ्यात मंगळसूत्र होतं. नवरा पुण्याला कंपनीत आहे, असं विचारणाऱ्याला सांगत होते. यातलं काहीच खोटं नव्हतं. आम्ही वेगळे झालो आहोत, एवढंच फक्त मी सांगत नव्हते.

आमचं लग्न रीतसर बघून, पसंतीनं झालं होतं. पुण्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौदा महिने राहिलो. तो दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता, सासू-सासरे वाशीमला आपल्या घरी सुखात होते. एका रविवारी सकाळी मी पोह्यासाठी कांदा चिरत होते. तो दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "संध्याकाळी घरी निघायचं म्हटलं की मला उगीच ऑफिसात थांबावंसं वाटतं. तुझी काही चूक नाही. पण हे तुला न सांगणं बरोबर नाही." तो उशिरा आला की मलाही बरं वाटायचं. पण हे मी त्याला त्या वेळी सांगितलं नाही. मी कांदा चिरत राहिले. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं आहे, असं त्यालाही समजता आलं आणि मलाही.

त्यानंतर मला ही नोकरी लागली. तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघणं चालू होतं. थोरली परत आली म्हटल्यावर धाकटीकडं लोक कसे बघतील, हे हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात कुणी समजावून सांगायला नको. म्हणून आम्ही दोघांनी फोनवर ठरवलं, की तिचं लग्न होईपर्यंत गप्प राहायचं. मी माहेरी असले की त्यानं रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. दिवाळीत एक दिवस येऊन जायचं. लग्न झालं की दोन्ही घरी सांगून मोकळं व्हायचं.

दवाखान्यातल्या एका सिस्टरनं मला पहिल्यांदा कथेची लिंक पाठवली. मोबाईलवर रोज एक भाग येणारी मराठी प्रेमकथा होती. मोठ्या कंपनीचा मालक असतो, त्याला आजोबांच्या हट्टापायी लग्न करायचं असतं, आणि तो आपल्याच ऑफिसातल्या एका मुलीशी वर्षभराचा करार करतो. लोकांसमोर नवरा-बायको, घरात वेगळ्या खोल्या, आणि कुणी कुणाच्या प्रेमात पडायचं नाही. मी पहिल्या दुपारी अकरा भाग वाचले. तेव्हा कुठं लक्षात आलं, की असलाच करार मी महिनाभरापूर्वी फोनवर करून बसले आहे.

मग मी शोधून शोधून त्याच कथा वाचायला लागले. डॉक्टर आणि शिक्षिका. वकील आणि त्याच्या मित्राची बहीण. बहिणीच्या लग्नाला एकटं जायला नको म्हणून सोबत आणलेला शेजारी. दहावीस भागांनी दोघं पावसात कुठंतरी अडकतात आणि तिथं एकच खोली शिल्लक असते. मग एकाला ताप येतो आणि दुसरा उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवतो. सकाळी ताप उतरतो. इतक्या कथा वाचल्या, पण एकानंही कुणाचं रक्त तपासून घेतलं नाही, याचं मला हसू यायचं. तरी तापाचा भाग आला की मी तो दोनदा वाचायची. नाटक कोणत्या क्षणी संपतं आणि खरं कुठून सुरू होतं, ती जागा मी प्रत्येक कथेत शोधत होते. आमचं उलट झालं होतं. आमच्याकडं खरं आधी होतं.

माझी घरमालकीण साठीतली बाई. नवरा वारलेला, मुलगा नांदेडला, शेत बटाईनं दिलेलं. दुपारी ती ओसरीवर तूर निवडत बसायची आणि मी खांबाला टेकून वाचायची. एकदा तिनं विचारलं, "काय वाचून राहिली इतकं? परीक्षा हाय का?"

मी म्हटलं, "गोष्ट आहे, मावशी."

"मंग मोठ्यानं वाच की माय. मला काय कान न्हाईत का?"

तिला वाचता येत नव्हतं. तेव्हापासून मी मोठ्यानं वाचायला लागले. तिचे प्रश्न वेगळेच असायचे. एवढ्या मोठ्या बंगल्यात भांडी कोण घासतं? ही पोरगी नाटक करायला तयार झाली, तिच्या आईला कुणी विचारलं का? डॉक्टर आणि शिक्षिकेची कथा मात्र तिला फार आवडली. त्यात दोघं आजारी आजीसाठी नवरा-बायको असल्याचं नाटक करतात. पण एके दिवशी सुपातून हात बाहेर काढून ती म्हणाली, "आजीला तर डोळ्यानं नीट दिसत न्हाई. मंग हे दोघं नाटक कुणासाठी करून राहिले?" मी पुढचा भाग सुरू केला.

ती कथा अर्धी झाली होती तेव्हा बहिणीचं लग्न ठरलं.

लग्न गोरेगावातच होतं, दारापुढं मांडव घालून. माझा नवरा आदल्या दिवशी हिंगोलीहून जीपनं आला. उतरल्या उतरल्या त्यानं माझ्या चुलत्यांच्या पाया पडून हातातली पिशवी माझ्याकडं दिली. ती इतक्या सहजपणे दिली, की मीही ती सहजच घेतली. पुण्यात मी त्याला नावानं हाक मारायची. इथं सगळ्यांसमोर "अहो" म्हणायला लागले. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तो चटकन वळला नाही. दुसऱ्यांदा वळला.

दोन दिवस त्यानं काही कमी पडू दिलं नाही. मांडवातल्या माळा बांधल्या, पंगतीत बुंदी वाढली, वडिलांना रक्तदाबाची गोळी आठवणीनं दिली. हळदीच्या दिवशी चहाचं ताट आलं, तर त्यानं आत जाऊन माझ्यासाठी आल्याशिवायचा वेगळा करून आणला. आल्यानं मला जळजळ होते. चौदा महिन्यांत त्यानं एकदाही चहा केला नव्हता, आणि आल्याचं त्याला माहीत आहे हेही मला माहीत नव्हतं. मामीनं कपाकडं बघितलं आणि आईला म्हणाली, जावई सोन्यासारखा आहे. तेव्हाचा आईचा खुललेला चेहरा मी अजून विसरले नाही.

बायकांनी मला नाव घ्यायला लावलं. मी उखाणा घेतला. त्यात त्याचं नाव आलं तेव्हा तो समोर फोटोग्राफरशी बोलत उभा होता, आणि त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. कथेत हाच भाग असतो, असं मला वाटलं. मला खरंच तसं वाटलं. एकतीस वर्षांची, दिवसाला पन्नास माणसांचं रक्त तपासणारी बाई मी. पण त्या क्षणी पुढच्या भागात काय होणार ते मला ठाऊक आहे, अशी माझी खात्री झाली.

पाठवणी झाली, रडारड झाली, गाडी निघून गेली. मांडववाले कापड सोडवायला लागले होते. पाहुणे ओट्यावर सुस्तावले होते. तो मांडवाच्या टोकाला खुर्चीवर बसून बूट घालत होता. हिंगोलीची जीप अर्ध्या तासात निघणार होती. मी त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.

"आपण उगीच घाई केली का?" मी विचारलं.

तो थांबला. एक बूट पायात, एक हातात.

मी म्हटलं, "मी नोकरी सोडू शकते. किंवा पुण्याकडं बदली मागते. या दोन दिवसांत आपलं किती चांगलं गेलं."

त्यानं बूट खाली ठेवला. माझ्याकडं बघूनच बोलला, हे मी त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

"दोन दिवस सोपं जातं," तो म्हणाला, "कारण तिसऱ्या दिवशी जायचं ठरलेलं असतं. मला रोज असं जमणार नाही. तुलाही जमत नव्हतं. तू बोलली नाहीस, पण मला कळायचं."

म्हणजे तो उशिरा आला की मला बरं वाटायचं, हे त्याला माहीत होतं. त्यानं दुसरा बूट घातला, आईच्या पाया पडला. आईनं त्याला शिदोरी बांधून दिली, वडील त्याला जीपपर्यंत पोचवायला गेले. मीही दारापर्यंत गेले आणि हात हलवला. तेवढं नाटक बाकी होतं.

डोंगरकड्याला परत आल्यावर मी वाचणं बंद केलं. दुपारी खोलीत पंखा लावून भिंतीकडं तोंड करून पडायची. झोप यायची नाही. बाहेर मालकिणीच्या सुपाचा आवाज यायचा. आठवडाभरानं तिनं दार वाजवून विचारलं, की त्या डॉक्टरचं पुढं काय झालं. मी टाळलं. दोन दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं. मग मी ओसरीवर जाऊन बसले, मोबाईल हातात धरला आणि वाचायला सुरुवात केली.

पण वाचलं ते डॉक्टरचं नव्हतं. एक बाई आहे, तिचा नवरा पुण्याला असतो, दोघं वेगळे झाले आहेत आणि घरी कुणाला माहीत नाही, इथून मी सुरू केलं. पोह्याचा कांदा सांगितला. बहिणीचं लग्न सांगितलं, आल्याशिवायचा चहा सांगितला. बुटाचं सांगताना माझा आवाज फाटला, तरी मी वाचल्यासारखं करत राहिले. मोबाईलचा पडदा केव्हाच काळा झाला होता. ती समोरच बसली होती, तिला तो दिसत होता.

सांगून झाल्यावर तिनं तुरीतले दोन-तीन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, "त्या बाईनं घरी सांगितलं का?"

"अजून नाही."

"काहून?"

"बहिणीचं आत्ताच लग्न झालंय. आईला त्रास होईल."

"आईला तकलीफ व्हतेच," ती म्हणाली. "पण त्या बाईनं एकटीनं किती दिस धरून बसावं?" आणि ती उठून आत गेली, माझ्यासाठी ताक घेऊन आली. माझ्याबद्दल तिनं मला एक शब्दही विचारला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही.

पुढच्या सुट्टीला मी गोरेगावला जाऊन आई-वडिलांना सगळं सांगितलं. वडील उठून शेतात गेले. आई म्हणाली, "मंग त्याला शिदोरी काहून बांधू दिली मला?" आणि दोन महिने माझ्याशी फोनवर बोलली नाही. सगळ्यांत जास्त बहीण दुखावली. मला वाटलं होतं, तिच्यासाठीच केलं म्हणून ती समजून घेईल. ती म्हणाली, "माझ्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत तो आहे, ताई. तुमी दोघं हसून राहिलेत. मी अल्बम उघडते तेव्हा काय बघू?" याचा विचार मी कधीच केला नव्हता. मी माफी मागितली. ती हं म्हणाली. आता आम्ही बोलतो, पण ती मला सासरच्या गोष्टी सांगत नाही. नवरा-बायकोच्या नात्यातलं काय खरं आणि काय नुसतं दाखवण्यापुरतं, अशी तिला माझ्यासमोर शंका येत असावी.

परस्पर संमतीनं घटस्फोट झाला. शेवटच्या तारखेला सही करून आम्ही कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा घेतला. चहावाल्यानं त्याला विचारलं, "वहिनीला बिस्किट देऊ का?" आम्ही दोघांनीही त्याची चूक दुरुस्त केली नाही. बिस्किटं घेतली, अर्धी अर्धी खाल्ली. त्याची पुण्याची बस आधी होती. माझी, डोंगरकड्याच्या वाटेवरच्या वारंगा फाट्याकडं जाणारी, तासाभरानं होती. तो थांबतो म्हणाला, मी नको म्हटलं.

मंगळसूत्र काढल्यावर दवाखान्यात आठ-पंधरा दिवस कुजबुज झाली, मग थांबली. एका म्हाताऱ्यानं मात्र बोट पुढं करता करता विचारलं, "बाई, मालक गेले व्हय?" मी म्हटलं, हो, पुण्याला गेले. तो बिचारा चाचरला, आणि मी सुई टोचली.

दिवाळीनंतर मालकीण गुडघ्याच्या इलाजासाठी नांदेडला मुलाकडं गेली आहे. ती जायच्या आधी मी तिला डॉक्टरची कथा पूर्ण वाचून दाखवली. शेवटी आजी दोघांना जवळ घेते आणि सगळं गोड होतं. तिला ते पटलं नाही, पण आवडलं, असं ती म्हणाली. आता ओसरीवर मी एकटीच असते. सध्या एका आर्किटेक्टची आणि फुलवालीची कथा चालू आहे. त्यांनी नुकताच करार केला आहे, अटी लिहून काढल्या आहेत. मी मनातल्या मनात वाचते. मधेच एखादी ओळ तोंडातून मोठ्यानं निघते, मग मी थांबते आणि इकडंतिकडं बघते. चार वाजता नळाला पाणी येतं. तोवर दोन-तीन भाग होतात.