मुद्देमाल क्रमांक तीन

श्रावणातला दुसरा शुक्रवार, सकाळचे साडेदहा. फिर्यादीतली रक्कम एक लाख वीस हजार रुपये. हजर होते फिर्यादी, ठाणे अंमलदार आणि तपासी अधिकारी म्हणून मी. निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली, पण स्टेशन डायरीतली ती नोंद अजून पाठ आहे. ठाण्याचं नाव लिहीत नाही. पेण आणि रोह्याच्या मधलं, एवढं पुरे.

फिर्यादी हे कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. ठिकठिकाणच्या डोंगरांवरून आणलेल्या बांबूच्या सव्वीस जाती त्यांनी दीड एकरात वाढवल्या होत्या. त्यातल्या सर्वांत दुर्मीळ जातीच्या रोपांच्या आठ पिशव्या चोरीला गेल्या होत्या. एका पिशवीची किंमत त्यांनी पंधरा हजार सांगितली.

"आठ बांबूंचे सव्वा लाख?" ठाणे अंमलदार म्हणाले. "सोन्याचे हायत काय?"

"एक लाख वीस," इंजिनिअर शांतपणे म्हणाले. "आणि सोनं परत मिळतं. हा चार वर्षांपूर्वी मी एका कड्यावरून आणला. पुढच्याच पावसात तिथे दरड कोसळली. आता तो फक्त माझ्याकडे आहे."

डोंगरपायथ्याचे लोक त्याला 'कड्याची काठी' म्हणत. करंगळीएवढी जाड, आतून भरीव, कोवळेपणी निळसर. चौथ्या दिवशी खांब गावच्या एका टपरीवाल्याने खबर दिली की, पायथ्याच्या वाडीत एक जण टोपल्या-सुपं विणतो, त्याच्या परसात तसलीच दोन बेटं आहेत आणि माती ताजी आहे. आम्ही गेलो. बेटं होती, मातीही ताजी होती. इंजिनिअरना चार वर्षांपूर्वी तो कडा दाखवायला वाटाड्या म्हणून हाच माणूस गेला होता. मला वाटलं, केस अर्ध्या तासात सुटली. दोन्ही बेटं उपटून जप्त केली. मुद्देमाल क्रमांक एक आणि दोन.

माणूस पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा. ठाण्यात आणल्यावर तो पहिल्या दिवशी घाबरला नव्हता. माझ्या हातातल्या काठीकडे बघून म्हणाला, "ही मेसाच्या बांबूची हाय, सायेब. आमच्याच डोंगराची. फुटायची नाय, बिनघोर मारा."

हवालदार हसले. मी हसलो नाही. मी त्याला मारलं. किती, ते आकड्यात लिहिता येईल, पण लिहीत नाही.

"कड्यावरनंच आणलाय," तो एवढंच सांगत राहिला.

"कडा कोसळला."

"अख्खा नाय कोसळला. पाठच्या अंगाला हाय अजून. चला, दावतो. आन् लवकर काय ते करा, सायेब. रोह्याच्या शेटनं साठ सुपं सांगितलीत. गौरीच्या ओवशाला सूप लागतं, गौर गेल्यावर कोण घेतंय? वरसाचा पैका त्येच्यात हाय."

पाठच्या अंगाला जायला पाच तासांची चढण होती. पाऊस धरून होता. पेणहून गणपतीच्या मूर्तींच्या गाड्या निघायला लागल्या होत्या आणि महामार्गाचा बंदोबस्त माझ्याकडे होता. ही कारणं खरी आहेत. त्यांच्या आडून मी जे केलं ते असं. मी जीपने पायथ्यापर्यंत गेलो. आमचे नेहमीचे दोन पंच बरोबर होते. तिथल्या टपरीवर चहा घेतला आणि बाकावर बसून पंचनामा लिहिला, 'आरोपीने सांगितलेल्या ठिकाणी समक्ष जाऊन पाहणी केली असता सदर जातीचा बांबू कोठेही मिळून आला नाही.' पंचांनी सह्या केल्या. चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको ठाण्यात आली. पोटऱ्यांवर जळवांचे रक्ताचे ओघळ, काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी.

"काय गो, डबा आणलास काय?" दारावरच्या हवालदाराने विचारलं.

ती सरळ आत आली. माझ्या टेबलासमोर येऊन गोणपाट सोडलं. आत मुळासकट खणलेली कड्याची काठी होती, ओल्या मातीसकट.

"पाठच्या अंगाची," ती म्हणाली. "तांबडं फुटायच्या आधी निघाले. अकरा बेटं हायत वर. मोजून आले. आता सोडा त्याला."

मी काठीकडे बघितलं आणि कळलं की बाई खरं बोलते आहे. हे मी स्पष्ट लिहितो, कारण पुढे लोकांनी 'गैरसमजातून झालेली चूक' म्हणून माझी समजूत काढली. गैरसमज नव्हता. पण ती काठी खरी मानली तर आदल्या दिवशीचा माझा पंचनामा खोटा ठरत होता. त्यावर माझी सही होती.

मी पंचांना बोलावलं आणि लिहिलं, 'आरोपीच्या पत्नीने घरात दडवून ठेवलेला चोरीतील बांबू काढून दिला.' मुद्देमाल क्रमांक तीन. तिला वाचता येत नव्हतं. मी दाखवलं तिथे तिने अंगठा दिला आणि विचारलं, "कधी सोडताय?"

त्याला कोर्टात उभं केलं, पुढे न्यायालयीन कोठडी मिळाली. जामीन झाला होता, पण वाडीत जामीनदार म्हणून उभं राहण्याइतका सातबारा कुणाकडे नव्हता. तो एकोणीस दिवस आत राहिला.

केस फोडली ती फिर्यादीने. मुद्देमाल ओळखायला त्यांना बोलावलं होतं. एक आणि दोन नंबर बघून ते म्हणाले, "असेल माझा, सांगता येत नाही." तीन नंबर हातात घेतला आणि नखाने माती खरवडत ते बराच वेळ मोजत बसले.

"ह्या बांबूचा कंद दर पावसाळ्यात एक सांधा पुढे सरकतो," ते म्हणाले. "मी दोन सांध्यांचा तुकडा आणला होता. त्यानंतर चार पावसाळे झाले. म्हणजे माझ्याकडे सहाच्या वर सांधे असूच शकत नाहीत. इथे अकरा आहेत. हा माझा नाही, साहेब. हा कुठून आणलात?" आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे वर अजून आहे!"

त्या खोलीत एक माणूस आनंदाने हसत होता आणि मी कागद नीट लावत होतो.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी इंजिनिअर, ती बाई आणि मी डोंगर चढलो. पाच तास दहा मिनिटं लागली. बेटं अकराच होती. एकाच्या बुडाशी तिच्या कोयत्याचा घाव होता. चढताना बाई पुढे होती. एका निसरड्या जागी मागे वळून म्हणाली, "सायेब, हितं पाय आडवा टाका."

खरा चोर इंजिनिअरचा राखणदारच निघाला. फार्महाऊसच्या बागा करणाऱ्या एकाला त्याने एकेक पिशवी चारशे रुपयांना विकली होती. मी सुपं विणणाऱ्याला सोडण्याचा अहवाल पाठवला. त्यात लिहिलं की पहिल्या पाहणीच्या वेळी दाट धुक्यामुळे बेटं दिसली नाहीत. म्हणजे दुसऱ्या कागदावरही मी डोंगर चढलोच होतो. साहेबांनी तपासाबद्दल शाबासकीचा शेरा दिला. मी तो नाकारला नाही.

तो सुटला तेव्हा गणपती दोन दिवसांवर होते. साठातली बारा सुपं तयार होती. शेटने माल दुसरीकडून घेतला होता.

माणूस खोटं बोलताना कसा ओळखावा, हे मी नव्या पोरांना बरीच वर्षं शिकवलं. घाम, नजर, हातांची चाळवाचाळव. त्या दोघांत यातलं काही नव्हतं. माझ्या हातांची चाळवाचाळव मात्र त्या दिवशी टेबलाखाली चालू होती. हे मी कुणाला शिकवलं नाही.

गेल्या भाद्रपदात मी वाडीत गेलो. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. बाई ओट्यावर सूप विणत होती. तिने मला ओळखलं. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. राहिलेली सुपं अठ्ठेचाळीस, तेव्हाचा भाव एकशे वीस, एकूण पाच हजार सातशे साठ रुपये. त्या पैशांचं पाकीट तिच्यापुढे ठेवलं आणि पंचनामा खोटा होता, हे तिला सांगितलं.

"म्हायती हाय," ती म्हणाली. "टपरीवाला तवाच बोलला व्हता." पट्टी ओढत तिने विचारलं, "माझी काठी कुठं हाय?"

काठी मुद्देमाल खोलीत वाळून गेली होती. कंद जिवंत होता तेव्हा परत दिली असती तर परसात लागली असती. केस संपल्यावर 'किंमत शून्य' असा शेरा मारून ती नष्ट केली, आणि तो शेराही माझाच. मी तसं सांगितलं.

तिने पाकीट पायाने नव्हे, हाताने, नीट माझ्याकडे सरकवलं.

"सूप पायजे तर घ्या. दोनशेला एक."

मी एक सूप घेतलं. पाच हजार सातशे साठ परत खिशात घातले. त्या प्रकरणात माझ्याकडून प्रत्यक्ष दिले गेले ते दोनशे रुपये, त्या बाईला, सुपाची किंमत म्हणून.